एलिझाबेथ फार्म: डोशाच्या रांगेपासून पंधरा मिनिटांवर

पडवी

आई तीन महिन्यांसाठी सिडनीला आलीय. पाहुणे आले की ऑपेरा हाऊस, बाँडाय, ब्लू माउंटन्स ही यात्रा ठरलेलीच, ती उरकली. मग एका शनिवारी सिडनीच्या पॅरामॅटा भागातल्या हॅरिस पार्कात विग्रॅम स्ट्रीटवर डोसा खाताना आई म्हणाली, "इथं जुनं असं काहीच नाही का रे? सगळं कालच रंगवल्यासारखं दिसतंय."

मी या भागात नऊ वर्षं राहतोय. नऊ वर्षांत त्या रस्त्यावर किती वेळा चटणी मागितली असेल याचा हिशोब नाही, पण तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात जुनं उभं असलेलं युरोपीय घर आहे, तिथं एकदाही गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो.

एलिझाबेथ फार्म. १७९३ साली न्यू साउथ वेल्स कोअरमधला एक लष्करी अधिकारी, जॉन मॅकार्थर, याला इथं १०० एकर जमीन मिळाली. त्याने तिला बायकोचं नाव दिलं आणि विटांचं बैठं घर बांधलं. १७९४ साली भावाला लिहिलेल्या पत्रात तो मापंसुद्धा देतो: समोरून ६८ फूट, रुंदी १८ फूट, माडी नाही. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लांबट शाळेएवढं. पुढे १८२० च्या दशकात त्याने घर इतकं वाढवलं आणि बदललं की मूळ चार खोल्या आता मोठ्या घराच्या पोटात गेल्या आहेत.

आत एक वेगळीच गंमत आहे. कुठे दोरी नाही, "हात लावू नका" नाही. फर्निचर नकलेचं आहे, त्यामुळे खुर्चीत बसा, कपाट उघडा, कोणी ओरडत नाही. आई आधी दारातच थबकली. आपल्याला सवय नाही हो. म्युझियम म्हणजे पोटावर हात बांधून फिरायचं. मग ती व्हरांड्यातल्या खुर्चीवर टेकली, छपराच्या खाली आलेल्या कडेकडे बघितलं आणि म्हणाली, "ही तर आपली पडवीच की."

(या मंचावर माझा आयडी "पडवी" आहे हे आईला माहीत नाही. योगायोग.)

धागा काढायचं कारण असं. येताना बसमध्ये आईने विचारलं, "पण हे जपायचं कशासाठी? कोण एक साहेब, त्याचं घर." मला धड उत्तर देता आलं नाही. "जुनं आहे म्हणून" हे उत्तर तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

---

रोखठोक

आईंचा प्रश्न शंभर टक्के बरोबर. २३० वर्षं म्हणजे जुनं? आमचा वाईचा वाडा त्याच सुमाराचा होता. होता म्हणतोय, कारण सात वारसदार, एक बिल्डर, आणि आता खाली पार्किंग. त्याला कोणी वारसा म्हणालं नाही.

आणि दुसरं. जमीन मूळ रहिवाशांची, राबणारे इंग्रजांनी जहाजांतून आणलेले कैदी, नाव साहेबाच्या बायकोचं. याचे गोडवे आपण का गायचे?

---

पडवी

गोडवे कुठे गायलेत भाऊ? प्रश्न विचारलाय. वाड्याचं वाचून मात्र वाईट वाटलं.

---

मेलबर्नवाला

मॅकार्थर म्हणजे ऑस्ट्रेलियन लोकरीचा जनक ना? पूर्वी दोन डॉलरच्या कागदी नोटेवर त्याचं चित्र होतं, शेजारी मेंढा. एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात जिथे झाली ते घर जपायला नको का?

---

भटकी_आजी

मेलबर्नवाला, "जनक" शब्द जरा जपून. हा जनक १८०१ साली स्वतःच्या कर्नलशी द्वंद्वयुद्ध खेळला, त्याच्या खांद्यात गोळी घातली, आणि खटल्यासाठी इंग्लंडला रवाना झाला. परतला १८०५ ला. मग १८०८ च्या २६ जानेवारीला वसाहतीचे गव्हर्नर ब्लाय यांना पदावरून उडवण्याच्या बंडात याचा हात. परत देशाबाहेर, १८०९ ते १८१७. तुम्हीच बेरीज करा. बारा वर्षं हा माणूस इथे नव्हताच.

त्या बारा वर्षांत मेंढ्या कोणी सांभाळल्या? एलिझाबेथने. नऊ बाळंतपणं, त्यातली सात मुलं जगली, काही मुलं शिकायला नवऱ्याबरोबर इंग्लंडला, आणि ही इथे कळपांचं प्रजनन, लोकरीची प्रतवारी, मजूर, हिशोब सगळं बघत. नवरा तिकडे राजाच्या कळपातल्या मेरिनो (तलम लोकरीच्या) मेंढ्या विकत घेत होता आणि मंत्र्यांना पटवत होता हे खरं. पण लोकर पत्रव्यवहाराने वाढत नाही.

आमच्या घरी पण अशी एक होती. आजोबा मुंबईत गिरणीत, आजी गावाला आठ एकर बघायची. सातबारावर नाव आजोबांचंच.

---

मेलबर्नवाला

आजी, माघार घेतो.  🙏

---

सोमवारची_मिसळ

अवांतर: पॅरामॅटा परिसरात बरी मिसळ कुठे मिळेल? डोसे खाऊन कंटाळा आलाय.

---

चुनकळी

मी वास्तुसंवर्धनाचं काम करते, आधी पुण्यात, आता इथे. आईंच्या प्रश्नाला धंद्यातलं उत्तर देऊन बघते, कंटाळवाणं झालं तर सांगा.

इथे एखादी वास्तू महत्त्वाची आहे की नाही हे ठरवताना वय हा मुद्दा सुटा बघतच नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये सात कसोट्या आहेत. इतिहासाच्या ओघात तिची जागा काय, कोणा व्यक्तीशी वा समूहाशी नातं काय, बांधणी-सौंदर्यात काय विशेष, आज लोकांना तिच्याबद्दल काय वाटतं, तिच्यातून अजून काही शिकता येईल का, ती दुर्मीळ आहे का, आणि तिच्या प्रकारच्या बाकीच्या वास्तूंचा ती नमुना आहे का. एक कसोटी जरी नीट पार केली तरी पुरे. हे घर बहुतेक सगळ्याच पार करतं.

मला स्वतःला पाचवी, "शिकता येईल का" ही कसोटी सगळ्यात जवळची. भिंत म्हणजे कागदपत्र असतं. साधं चुन्याचं घ्या. सुरुवातीच्या सिडनीत चुनखडीचा दगडच मिळेना. मग चुना कशाचा? शिंपल्यांचा. आपल्या कोकणात कालवांच्या शिंपा भाजून चुना करायचे, अगदी तसाच. फरक एवढाच की आपल्याकडे शिंपा खाडीतून गोळा करायचे, आणि इथे किनाऱ्यावर आयते ढीग होते. ते ढीग म्हणजे मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं कालवं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे थर, त्यांच्या मुक्कामाच्या जागा. वसाहतवाल्यांनी ते खणले, भट्टीत घातले, आणि वस्तीच्या भिंती जोडल्या.

एखाद्या जुन्या भिंतीतला चुना उकरताना बोटाला शिंपल्याचा न जळलेला तुकडा लागतो ना, तेव्हा माझा हात थांबतो. पुण्यात वाड्याचा चुना उकरताना तो फक्त "जुना माल" असायचा. इथे तो कोणाच्या तरी जेवणाचा उरलेला तुकडा असतो.

रोखठोक, तुम्ही म्हणता "जमीन दुसऱ्याची". अगदी बरोबर. पण ते सांगणारा पुरावा भिंतीत आहे. भिंत पाडली तर तोही गेला.

---

रोखठोक

हे माहीत नव्हतं. मुद्दा मान्य, पण अर्धाच. पुरावा आहे म्हणता, मग तिथे गेल्यावर तो दिसतो का? की झालरीचे पडदे आणि पियानो?

---

पडवी

जमिनीच्या मूळ मालकांचं नाव दारातच सांगतात: डारुग लोकांतले बुरामट्टागल. "पॅरामॅटा" हे नावच त्यांच्यावरून आलंय, अर्थ साधारण "वाम माशांची जागा". तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. पडदे छान होते, मी पडद्यांचेच फोटो काढले. आता लाज वाटतेय.

---

भटकी_आजी

त्या १७९४ च्या पत्रात पुढे काय आहे ते सांगू? मॅकार्थर संपत्ती मोजतो: एक घोडा, दोन घोड्या, दोन गायी, १३० शेळ्या, शंभरावर डुकरं. आणि मग फुशारकी: एक माणूस आणि अर्धा डझन शिकारी कुत्री ठेवली आहेत, ती आठवड्याला सरासरी ३०० पौंड शिकार आणतात, ताटात रानबदक किंवा कांगारू हजरच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर हिशोब केला. आठवड्याला ३०० पौंड, एका घराला. त्याच रानावर पोट असलेले बाकीचे लोक काय खात असतील? तीन वर्षांत, १७९७ च्या मार्चमध्ये, मूळ रहिवाशांचा नेता पेमुलवुय शंभरेक लढवय्ये घेऊन पॅरामॅट्यात शिरला. अंगात छर्रे घेऊन पकडला गेला, आणि पायात बेडी असताना दवाखान्यातून निसटला. १८०२ मध्ये त्याला मारलं, शीर इंग्लंडला धाडलं. आणि कमाल म्हणजे त्याचाच मुलगा टेडबरी याच मॅकार्थरांच्या घरी ये-जा करत असे.

शाळेत "रानटी टोळ्यांचे हल्ले" अशी वाक्यं आपण इंग्रजांच्या चष्म्यातून वाचली आहेत, आपल्याच भिल्ल-कोळ्यांबद्दल. तेव्हा कुत्र्यांचा हिशोब कोणी दिला नव्हता.

---

कृष्णाकाठ

सुंदर चाललाय धागा. माझे दोन पैसे: हे घर बघून परत जाताना हॅरिस पार्कातच एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज आहे, तेही बघा. मला तर तेच जास्त आवडतं, कारण ते साहेबाचं नाही, कुणब्याचं आहे. म्हणजे जमीन कुणब्याची, सध्याचं घर नंतरचं, १८३५ च्या सुमाराचं.

जेम्स रूस. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा, कैद्यांना घेऊन आलेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यातला कैदी. वसाहत उपाशी मरत होती, सरकारी शेतात धान्य धड पिकत नव्हतं. गव्हर्नर फिलिपने १७८९ च्या अखेरीस रूसला दीड एकर साफ केलेली जमीन आणि झोपडी दिली: बघू एक माणूस स्वतःचं पोट भरू शकतो का. १७९१ मध्ये रूसने कळवलं, आता मला सरकारी शिधा नको. त्यावर त्याला ३० एकर मिळाली. वसाहतीत जमीन मिळालेला तो पहिलाच.

त्याची पद्धत वाचली आणि मी खुर्चीत ताठ बसलो. झाडं तोडायची, तिथेच जाळायची, राख मातीत खणून घालायची, ढेकळं फोडायची, गवत उलटं पुरायचं, पेंढा खड्ड्यात कुजवायचा. जनावरं नव्हती, म्हणजे शेणखतही नाही. आमच्या सातारच्या घाटमाथ्यावर नाचणीच्या रोपासाठी राब भाजायचे, थेट तेच! तो सांगतो, सरकारी शेतासारखं वरवर खरवडलेलं नाही, मी नीट केलंय. कुठल्याही गावातला कष्टाळू माणूस शेजाऱ्याच्या शेताकडे बघून हेच बोलतो.

१७९३ मध्ये त्याने ती जमीन ४० पौंडांना विकली. घेणारा सर्जन जॉन हॅरिस. हॅरिस पार्क तो हाच हॅरिस. ज्याने पिकवलं तो रूस, आणि उपनगराला नाव घेणाऱ्याचं. रूस १८३७ मध्ये वारला. कॅम्पबेलटाउनच्या त्याच्या थडग्याच्या दगडावर लिहिलंय की पहिल्या ताफ्यातून आलो आणि पहिलं धान्य पेरलं. स्पेलिंग सगळं चुकीचं. मला ते चुकीचं स्पेलिंग फार आवडतं.

---

चुनकळी

वाह कृष्णाकाठ. ही शेतीची बाजू बहुतेक लोक विसरतात. "फार्म" म्हणायचं आणि घर दाखवायचं. गोठा, कोठार, लोकर कातरायची शेड, पाण्याची सोय, मजुरांच्या खोल्या गेल्या की उरतो तो बंगला. एलिझाबेथ फार्मचं तेच झालं. आजूबाजूच्या जमिनीचे १८८० च्या दशकात प्लॉट पडले. आपण जिथे गाडी लावतो आणि डोसा खातो तो भागही असाच जुन्या जमिनी फोडून वसलेला.

---

हिरवा_चाफा

नमस्कार, टास्मानियाहून, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

चुनकळीताई म्हणतात तसं शेतासकट टिकलेलं बघायचं असेल तर इथे लाँगफोर्डजवळ ब्रिकेंडन आणि वुलमर्स ही दोन शेतं आहेत. आर्चर कुटुंबातल्या भावांची, १८१७ ते १८२४ च्या दरम्यान सुरू झालेली. २०१० मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रेलियातल्या ज्या ११ कैदी-स्थळांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात ही दोन्ही मिळून एक स्थळ. (तुमच्या पॅरामॅट्यातलं जुनं गव्हर्नमेंट हाऊसही त्याच यादीत आहे.) सरकार कैदी खाजगी शेतकऱ्यांना कामाला देत असे, ती पद्धत जागेवर समजते: मालकाचं घर इथे, कैद्यांची राहण्याची जागा तिथे, मधे चॅपल. ब्रिकेंडनवर अजून त्याच कुटुंबाची शेती आहे.

मला तिथलं धान्याचं कोठार आवडतं. लाकडी खोली, पण जमिनीवर नाही, दगडी खांबांवर. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर अळंबीच्या छत्रीसारखा गोल दगड. उंदीर खांब चढतो, छत्रीला अडतो, खाली पडतो. नवऱ्याला म्हटलं, आमच्याकडे कणगीला शेणाने लिंपायचो, तरी उंदीर पोखरायचेच. हे डोकं आधी सुचायला हवं होतं.

---

पडवी

स्वागत! चुकलं काहीच नाही, उलट टास्मानियाचं तिकीट बघायला लावलंत.

---

रोखठोक

एक प्रामाणिक प्रश्न. हे घर टिकलं कसं? आमच्या वाड्याला सात वारस पुरले. इथे तर शेताचे तुकडे पडले, मूळ कुटुंब केव्हाच गेलं. मग १९०० च्या पुढे पाडलं का नाही कोणी?

---

भटकी_आजी

स्वान कुटुंबामुळे. १९०४ मध्ये घर अगदी मोडकळीला आलं होतं, तेव्हा विल्यम स्वान यांनी घेतलं. क्वेकर पंथाची माणसं, घरात शिक्षकी पेशा, मुली पुष्कळ. त्या १९६८ पर्यंत तिथे राहिल्या. चौसष्ट वर्षं! मॅकार्थर नवरा-बायको मिळूनसुद्धा एवढी वर्षं तिथे राहिली नाहीत. त्यानंतर घर एका ट्रस्टकडे, मग सरकारकडे गेलं आणि १९८४ पासून म्युझियम आहे.

स्वान बहिणींनी फारसं काही "सुधारलं" नाही. तीच त्यांची कामगिरी.

---

चुनकळी

हे वाक्य मी माझ्या टेबलावर लावणार आहे. आमच्या धंद्याचं बायबल म्हणजे बुरा चार्टर, १९७९ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियातल्या बुरा नावाच्या जुन्या तांब्याच्या खाणगावात ठरलेलं. त्याचा गाभा एका ओळीचा: लागेल तेवढंच करा, आणि जमेल तितकं कमी करा. लाखो खर्चून जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारणाऱ्यांना हे समजावताना घसा बसतो. सिमेंट श्वास घेऊ देत नाही, ओल आत अडकते, वीट भुसभुशीत होते. पुण्यात एका वाड्याच्या भिंती मी अशाच सडताना बघितल्या आहेत. मालकाने प्रेमानेच केलं होतं सगळं.

---

रोखठोक

आमच्या वाड्याला पण १९९० च्या आसपास सिमेंट मारलं होतं. काकांनी. प्रेमानेच.

---

सोमवारची_मिसळ

मिसळीचं कोणीच सांगितलं नाही. असो. पण या धाग्यामुळे काल एलिझाबेथ फार्मला गेलो, बंद होतं. ठरावीक दिवशीच उघडं असतं, वेळ बघून जा. कुंपणाबाहेरून ऑलिव्हचं झाड शोधत बसलो. म्हणतात मॅकार्थर १८०५ मध्ये ऑलिव्ह घेऊन आला आणि इथे लावलं.

---

मेलबर्नवाला

अजून एक, आपल्या कामाचं. मेरिनो यायच्या आधी मॅकार्थरने ६० मेंढ्या कलकत्त्याहून आलेल्या घेतल्या होत्या, बंगाली जातीच्या. अंगावर लोकर कमी, केसच जास्त. त्यांचा आयर्लंडच्या मेंढ्यांशी संकर केला तेव्हा केसाळ आणि लोकरीचं मिश्रण निघालं, आणि इथे लोकर होऊ शकते हे त्याच्या ध्यानात आलं म्हणे. म्हणजे हॅरिस पार्क परिसरात आपल्याकडून पहिल्या आल्या त्या मेंढ्या. 😄

---

कृष्णाकाठ

आणि त्यांनाही व्हिसाचं टेन्शन नव्हतं.

---

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन पुन्हा गेलो. या वेळी पडदे सोडून मागच्या अंगाला स्वयंपाकघरात गेलो. आधीच्या खेपेला तिथे डोकावूनच परतलो होतो.

चुनकळीताईंचं शिंपल्यांचं आईला वाचून दाखवलं होतं. ती चुलीच्या बाजूची भिंत बोटाने चाचपत राहिली. मी म्हटलं, आई, चूल आणि भिंत तरी राहू दे, बाकी सगळ्याला हात लाव. मग तिने चुलीची उंची बघितली, वाकली, कमरेला हात लावून सरळ झाली. चुलीशी कोण असे, मालकीण की कैदी बाई, असं तिने तिथल्या कर्मचारी मुलीला विचारलं. इंग्रजीत विचारलं, माझ्या मदतीशिवाय. मुलगी म्हणाली, मालकीण नसणार, नोकर म्हणून दिलेले कैदी. आई म्हणाली, "हां, चूल बघूनच कळतं. मालकीण रांधत असती तर उंच केली असती."

मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

मिसळ: आई रविवारी घरी करतेय. सोमवारची_मिसळ, पत्ता व्यनि (खासगी निरोप) केलाय, तर्री तिखट असेल.